चपला आणि स्थिरा

पूर्वी एका संगणकात चपला आणि स्थिरा नावाच्या मेमरीच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी राहायच्या. त्यांची मालकीण ऋग्वेदा गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायची. स्पर्धेच्या सकाळी तिने मेमरीचा वेग वाढवला, तशी चपला हरखून गेली. “आणखी वाढव!” ती ओरडली.

सरावात गाडी सुसाट सुटली. “ताई, मी तापलेय गं, आकडे निसटताहेत,” स्थिरा कळवळली.

“रडूबाई कुठली!” चपला म्हणाली, आणि तेवढ्यात पडदा निळा पडून गेम बंद झाला.

“एवढा वेग झेपेल ना?” ऋग्वेदाने विचारलं. चपलाला हो म्हणायचं होतं, पण शेजारी स्थिरा थरथरत होती.

“दोघींना झेपेल एवढाच ठेव,” चपला म्हणाली.

वेग थोडा उतरला. स्पर्धेत शेवटच्या वळणावर दोन गाड्यांना मागे टाकत त्यांच्या गाडीने रेषा ओलांडली, तशी चपला किंचाळली, “स्थिरा, आपण पोचलो गं!”