चषक हवा की पॅड?

कोल्हापुरात रणधीरराव इंगवल्यांपुढे कुणी ब्र काढत नसे. गाडीचे नवे ब्रेक पॅड महिन्याभरात झिजले, तसे ते गॅरेजात येऊन गरजले, "खोटा माल गळ्यात मारलात! माझी गाडी फक्त घर ते कारखाना धावते. फुकट बदलून द्या!"

शर्यतीच्या ट्रॅकवर पॅड असेच जळतात, हे वहिनीबरोबर गॅरेज चालवणाऱ्या विलासला ठाऊक होतं. पण त्याची जीभ रेटेना.

कुमुदवहिनी मात्र हसल्या. "लगेच बदलते, साहेब. फक्त क्लबला फोन करून सांगते, रविवारच्या शर्यतीचा चषक साहेबांना देऊ नका. त्यांची गाडी ट्रॅकवर गेलीच नव्हती."

रणधीररावांचा हात मुकाट्यानं खिशात गेला.

विलास वहिनींकडे बघतच राहिला. मस्तवाल हत्ती भरधाव येताना जागच्या जागी थांबवला, आणि झिजलं काहीच नाही!