पदूबायचं लोण

फार वर्षांपूर्वी, खाडीतला खेकडा अजून सरळ चालायचा त्या काळची ही गोष्ट. खेकडा सरळ चालायचा यावर ज्यांचा विश्वास नाही, त्यांनी खेकड्याला विचारावं. तो काही बोलला नाही तर समजावं, लाजतोय.

तर त्या काळी केवडीखार नावाच्या गावात पदूबाय राहायची. गाव मिठाचं. खाडीचं पाणी आगरात घ्यायचं, उन्हात तापवायचं, मीठ धरलं की फळीनं ओढायचं, टोपल्या भरायच्या आणि डोक्यावरून बांधापलीकडच्या ढिगावर नेऊन ओतायच्या. पदूबायच्या टोपलीला दोन बापये हात लावायचे तेव्हा ती उचलायची आणि एकदा डोक्यावर गेली की पदूबाय हिच्याशी बोलत, तिला हाका मारत चालायची. तिच्या पायाखालून गेलेला बांध पावसाळ्यातसुद्धा फुटायचा नाही, असं म्हणतात.

पण तिची खरी विद्या दुसरीच होती. तिची हूल. लहानपणी गावातल्या पोरांत लोणपाट खेळताना ती डावीकडे जाते असं दाखवायची आणि उजवीकडून पसार व्हायची. कावळा तिच्या हातातल्या भाकरीवर झडप घालायचा आणि शेजारणीचा अंबाडा घेऊन उडायचा. एकदा बांधावर एक खेकडा तिच्या वाटेत आला. तिनं त्याला अशी हूल दिली की तो सरळ निघाला होता तो आडवाच गेला, आणि त्याची पोरंबाळं आजतागायत आडवीच चालतात. पुढं हळद लागली, लग्न झालं, खेळ सुटला. त्या काळी लग्न झालेली बाई खेळायची नाही.

आता केवडीखारच्या समोर, मोठ्या बांधाच्या पल्याड सोनकोठे गाव. दोन्ही गावांची आगरं वेगळी, पण पाणी घ्यायचं दार एकच. लाकडी फळ्यांच्या त्या दाराला उघाडी म्हणतात. पुनवेच्या भरतीला उघाडी ज्याच्या ताब्यात, त्याचं आगर आधी भरायचं आणि दुसऱ्याच्या वाटेला चिखल यायचा. एका वर्षी उघाडीवरून दोन्ही गावांत एवढी जुंपली की सात डोकी फुटली. शेवटी म्हातारी माणसं बसली. ठरलं असं, की चैत्री पुनवेच्या दुपारी कोरड्या आगरात लोणपाटाचा एकच डाव खेळायचा. जे गाव जिंकेल, उघाडी कायमची त्याची. हरेल त्या गावानं आगर सोडायचं आणि पोट भरायला दुसरीकडे जायचं.

ज्यांनी लोणपाट पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी सांगतो. काही गावांत याला आट्यापाट्या म्हणतात. जमिनीवर नऊ आडव्या रेघा ओढायच्या, त्या पाट्या. मधोमध एक उभी रेघ, तो सूर. प्रत्येक पाटीवर एक गडी हात पसरून उभा. पहिल्या पाटीवरचा तो मृदंग, त्याला तेवढी सुरावरूनही धावायची मुभा. दुसऱ्या बाजूच्या नऊ गड्यांनी एकेक करून नऊ पाट्या चुकवत पलीकडे जायचं आणि तशाच नऊ चुकवत परत यायचं. हात लागला की बाद. पण अडवणाऱ्याचा पाय रेघेवरून सुटला, तर त्याचा हात लागलेला मोजायचा नाही. जाऊन परत आलेल्यानं ओरडायचं, ‘लोण!’ एकानं जरी लोण आणलं, तरी डाव जिंकला.

कौल लागला. पाट्या सोनकोठ्याच्या, चुकवायचं केवडीखारनं. सोनकोठ्याचा मृदंग होता दामा मढवी. त्याचे हात इतके लांब, की तो उभ्यानं स्वतःचे गुडघे खाजवायचा, असं म्हणतात. केवडीखारचा पहिला गडी पहिल्याच पाटीवर गेला. दुसरा, तिसराही तिथंच. चौथा पाचव्या पाटीपर्यंत पोचला आणि दामानं सुरावरून धावत येऊन त्याच्या पाठीत थाप घातली. असे आठ गेले. नववा होता पदूबायचा दीर गोमा. आठवा पडलेला बघून गोमाच्या पोटात अशी कळ आली, की तो तिवरांच्या झाडीत गेला तो आलाच नाही.

केवडीखारच्या बायका बांधावर उभ्या होत्या. कुणी डोळ्याला पदर लावला. पदूबायची सासू भिकूआय तिथंच मटकन बसली. “आता कुठं जायाचं गो आपुन?” ती म्हणाली. “माजा तर जलम ह्या खारीत गेला.”

पदूबायनं साडीचा काष्टा घट्ट केला आणि बांधावरून खाली उतरली.

“मी जाते.”

सोनकोठ्याच्या लोकांना हसू आवरेना. दामा ओरडला, “ये गो वैनी! पन तिकडं चुलीवर भात करपंल!”

“करपला तर तुमालाच वाढीन, भावजी. पोटाला सवय हाय तुमच्या.”

म्हातारे गोंधळले. एक म्हणाला, “अगो, बाईमानूस कदी लोणपाटात उतरलाय का?”

“तुमी नऊ गडी म्हनालात,” पदूबाय म्हणाली. “नऊ बापये म्हनाला नव्हता. मीठ वाहाताना कुनी इचारतो का, बाई हाय का बापय?”

म्हाताऱ्यांनी मान डोलावली. भिकूआय बांधावरून ओरडली, “पदू, मागं ये! लोकं काय म्हनतील?”

पण पदूबाय मागं आली नाही. तिनं काखेतलं फडकं काढलं, पीळ घालून त्याची चुंबळ केली आणि डोक्यावर ठेवली. मग खाली वाकली आणि बायकांना म्हणाली, “हात लावा गो जरा.”

तिथं टोपली नव्हती. काहीच नव्हतं. दोघी बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. पण पदूबायनं सांगितलं म्हटल्यावर खाली उतरल्या, वाकल्या आणि त्या नसलेल्या टोपलीला दोन्हीकडून हात लावला. पुढं म्हातारपणी त्यातली एक शपथेवर सांगायची, की उचलताना तिच्या कमरेत लचक भरली.

पदूबाय उभी राहिली. मान ताठ, एक हात वर टोपलीच्या काठाला, दुसरा झुलता. आणि भरल्या टोपलीखालच्या बाईची ती घाईची दुडकी चाल धरून ती सरळ दामाच्या अंगावर निघाली. डावी नाही, उजवी नाही. “होऽऽ! भरली आलीऽऽ!”

दामा बाजूला झाला.

होय, बाजूला झाला. दोन्ही पाय रेघेवरून उतरवून, अंग चोरून, वाट करून दिली. पदूबाय पार गेली तेव्हा कुठं त्याला कळलं, आपण काय केलं ते.

त्याचं असं आहे. आगरातला बांध एका पावलाचा. भरल्या टोपलीला थांबता येत नाही, वळता येत नाही. म्हणून ‘भरली आली’ अशी हाक आली, की रिकाम्या माणसानं बांधावरून चिखलात उतरायचं. मग तो गावचा पाटील असो की नवरदेव. आगरातलं पोर चालायला लागण्याआधी हे शिकतं. दामाच्या डोक्याला ठाऊक होतं, की टोपली नाही. पायांना कुणी सांगितलं होतं?

“रेघ सोडू नको!” दामा मागून ओरडला, पण त्याचे स्वतःचे पाय काही सुरावर चढेनात. तोवर दुसरा खाली उतरला होता.

“अरे, टोपली कुठाय?” दामानं विचारलं.

“दिसत नाय,” दुसरा म्हणाला, “पन भरलेली हाय!”

तिसरा उतरला, चौथा उतरला. सहावा तर उतरून वर म्हणाला, “सांबाळून, वैनी.” नऊच्या नऊ पाट्या पदूबाय पार करून गेली आणि केवडीखारची माणसं तोंड उघडं टाकून बघत राहिली.

पण खेळ अर्धाच झाला होता. आता परत यायचं. आणि आता सोनकोठेकर शुद्धीवर आले होते. दात-ओठ खात, पायांची बोटं जमिनीत रोवून नऊ जण उभे राहिले. दामा गरजला, “आता जो हटंल तो माजा कोन नाय!”

पदूबाय वळली. टोपली तिनं खाली ठेवली नव्हती. आता तिच्या कपाळावरून घाम वाहत होता, मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. ती निघाली, आणि नवव्या पाटीवरच्या गड्याला दिसलं, की तिची पावलं कोरड्या, चोपून घट्ट केलेल्या जमिनीत घोट्यापर्यंत रुततायत. रिकाम्या बाईची पावलं अशी रुतत नाहीत. तो मुकाट खाली उतरला. आठव्यानं ती पावलं पाहिली, तोही उतरला. असं करत करत आठ पाट्या मोकळ्या झाल्या आणि उरला एकटा दामा.

दामा हुशार. त्यानं डोळेच मिटून घेतले. बघायचंच नाही म्हणजे फसायचं नाही. ते लांब हात दोन्ही बाजूंना पसरून, डोळे मिटून तो रेघेवर खांबासारखा उभा राहिला. पदूबायची पावलं जवळ आली. अजून जवळ. आणि दामाच्या उजव्या पायावर काहीतरी गार पडलं.

टप.

मग आणखी एकदा. टप.

ताजं मीठ टोपलीत भरलं, की त्यातून खारं पाणी ठिबकतं. आगरात वाढलेल्या माणसाला ते थेंब झोपेतही ओळखता येतात. दामानं डोळे उघडलेच नाहीत. नुसता पाय मागं घेतला, मग दुसरा. पदूबाय त्याच्या नाकासमोरून पार झाली.

केवडीखारात एकच आरडाओरडा उठला. पण पदूबाय ‘लोण’ म्हणेना. तशीच उभी, मान थरथरत, हात वर. “उतरवा गो कुनीतरी,” ती कशीबशी म्हणाली. बापये सगळे नाचत होते, कुणाच्या ध्यानात येईना. तेव्हा म्हातारी भिकूआय उठली. लोकं काय म्हणतील ते विसरून बांधावरून खाली आली आणि एका बाजूनं हात लावला. दुसऱ्या बाजूला कोण जावं? दामा मढवी गेला. दोघांनी ती टोपली हळूच जमिनीवर उतरवली, आणि पदूबायनं मान मोकळी करून अशी आरोळी दिली, की खाडीतले बगळे उडाले ते तीन दिवस खाली बसले नाहीत, असं म्हणतात.

“लोऽऽण!”

दामानं खाली बोट टेकवलं आणि जिभेला लावलं. पुन्हा एकदा चाखून पाहिलं. मग आपल्या माणसांकडे वळून म्हणाला, “मीठ चांगलं हाय. उघाडी त्यांची.”

रात्री भरती आली. उघाडीची पहिली फळी पदूबायनं उचलली आणि आपलं आगर भरल्यावर पाणी सोनकोठ्याकडेही सोडायला लावलं. “भरलीला वाट दिली त्यांनी,” ती म्हणाली. “त्यांना कशाला उपाशी ठेवायचं?” सोनकोठ्यानं आगर सोडलं नाही, आणि पुन्हा डोकीही फुटली नाहीत.

अजूनही केवडीखारात चैत्री पुनवेला लोणपाट होतो. लग्न झालेल्या बायका पहिला डाव खेळतात, बापये नंतर. जी लोण आणते ती नाचत नाही, ओरडत नाही. एक हात डोक्यावर धरून उभी राहते. मग दोघं जण, एक केवडीखारचा आणि एक सोनकोठ्याचा, धावत येऊन तिचं ओझं उतरवतात. तोवर पंच शिट्टी तोंडात धरून थांबतो. ओझं टेकलं, की सगळे वाकून एकेक चिमूट उचलतात आणि पदूबायचं नाव घेऊन जिभेवर ठेवतात. लहान पोरं तोंडं वाकडी करतात. परगावचे पाहुणे हसतात आणि आग्रह झाला म्हणून तेही एक चिमूट घेतात.

आणि मग प्यायला पाणी मागतात.