एक गाडी आणि पंतांचं ‘लागलंच तर’

“एकच गाडी!” रायाजीराजे गरजले. “लग्नाला चाळीस गाड्या न्यायला मी काय तमाशाचा फड आहे? एकच गाडी न्यायची. आणि वाटेत मी जे मागीन, ते तिथल्या तिथे हजर पाहिजे! एक वस्तू जरी चुकली, तर पंत, कारभार सोडा आणि काशीची वाट धरा!”

पंत म्हणजे मी. हिरडगडचा कारभारी. चाळीस गाड्यांचं पापही माझंच. राजांच्या सामानाची यादी मी करतो आणि प्रत्येक वस्तूपुढे दोनच शब्द लिहितो : ‘लागलंच तर’. गेल्या खेपेला मी पाच अडकित्ते, तीन झुंबरं आणि अंघोळीचा चांदीचा बंब घेतला होता. लागलंच तर! बंबाच्या गाडीचा आख घाटात मोडला, मागच्या सगळ्या गाड्या अडकल्या आणि थोरल्या भाचीच्या लग्नाला मामा पोचला तो वरात निघून गेल्यावर.

आता धाकटीचं लग्न होतं. अंतरपाटाशी मुलीच्या पाठीमागे मामानं उभं राहायचं असतं. राजांच्या बहिणीनं, आक्कासाहेबांनी, निरोप धाडला होता : ‘या खेपेला उशीर केलास, तर मुलीच्या मागे वरवंटा उभा करीन. तो निदान जागेवर असतो!’ हे राजांना फार लागलं होतं. भाचीवर त्यांचा भारी जीव. आणि राग निघत होता माझ्यावर.

लग्न आठ दिवसांवर, वाट चार दिवसांची. मी यादी घेऊन गडाखाली वेशीबाहेर गेलो, सगुणा गाडीवालीकडे. घाटात तिच्यासारखी गाडी कुणी हाकत नाही. मी यादी वाचू लागलो. पहिल्या पानाला ती हसली. दुसऱ्या पानाला उठून बैलांना वैरण घालून आली. मी अजून तिसऱ्यावरच होतो.

“पंत, निघायचा मुहूर्त कवाचा?”

“आज दुपारचा. पण सामान कुठंय तयार? प्रस्थान ठेवू झालं!”

आमच्याकडे हे नेहमीचंच. मुहूर्त टळत असला की तांदूळ-सुपारीचं बोचकं वेशीबाहेर कुणाच्या तरी घरी ठेवायचं. म्हणजे माणूस निघाला असं धरतात. मग तीन दिवसांत सावकाश निघावं. फक्त एक : ठेवलेलं प्रस्थान मागे आणायचं नाही. मोठा अपशकुन!

“बोचकं कशापायी?” सगुणा म्हणाली. “या बारीला राजंच ठेवा की माझ्या घरी!”

“अगं बाई, राजा म्हणजे काय बोचकं आहे?”

पण ती थेट गडावर आली आणि राजांसमोर उभी राहिली. “सरकार, दर खेपेला बोचकं मुहूर्तावर निघतं आन् मामा मागं ऱ्हातो. औंदा मामा फुडं जाऊ द्या!”

मी डोळेच मिटले. उघडून पाहतो तर राजे जोडे घालत होते!

सगुणाची अट साधी. राजे तीन दिवस तिच्या ओसरीवर राहतील आणि अंगणात गाडी रिकामी उभी राहील. राजे मागतील ती वस्तू गडावरून आणायची आणि गाडीत टाकायची. कुणी आणायची? पंतांनी! पायी! गडाला तीनशे पायऱ्या आहेत. यादीत मी सगळं लिहिलं होतं, तेवढं लिहायचं राहिलं होतं.

पहिल्या दिवशी राजांना उशी लागली. मी गेलो. मग पानाचा डबा. गेलो. मग शाल, मग तांब्या, मग लग्नाचा पोशाख आणि भाचीचा शालू. सातव्या खेपेला राजे म्हणाले, “पंत, ते झुंबर...”

“सरकार, खरंच लागणार आहे का?” हे मी बोललो. मी! स्वतःच्या तोंडून ते ऐकून माझाच माझ्यावर विश्वास बसेना.

राजांनी वर पाहिलं. ओसरीला टांगायला जागाच नव्हती. “राहू दे,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दोनच वस्तू निघाल्या. तिसऱ्या दिवशी राजे ठेच्याशी भाकरी खाऊन दुपारभर घोरले. मागणं काहीच नाही. गाडी अर्धीसुद्धा भरली नाही. चौथ्या दिवशी उजाडताच आम्ही निघालो.

घाट कसा सरला ते कळलंही नाही. माथ्यावर मात्र राजांना आपला हुकूम आठवला. मिशीत हसत ते म्हणाले, “सगुणा, गाडी थांबव. मला माझा चांदीचा बंब पाहिजे. आत्ता!”

मला समोर काशी दिसू लागली.

सगुणानं बैलांचा कासरा ओढला. “बंब? त्यो तर फुडं धाडलाय, सरकार!”

“पुढं? कुठं?”

“लगीन झाल्यावर माघारी कुठं जायचं आपल्याला?”

“गडावर.”

“मग! परतीचं प्रस्थान आत्ताच ठिवलंया तिथं. बंब, झुंबरं, पंतांचे पाच अडकित्ते, समदं आपल्या आधी मुक्कामाला पोचलंय. मागवायचं म्हणाल तर आत्ता मागवते. पर ठिवलेलं प्रस्थान मागं आणायचं, भाचीच्या लग्नात अपशकुन करायचा, तर तसा हुकूम सरकारनीच द्यावा!”

 राजे असे हसले, असे हसले, की बैल बुजले आणि तोंडातलं पान ठसक्याबरोबर माझ्या उपरण्यावर उडालं.

लग्नाच्या आदल्या दिवशीच आम्ही पोचलो. मांडवात मामाच्या पाटावर फेटा बांधलेला वरवंटा तयार बसलेला होता. राजांनी तो उचलून आक्कासाहेबांच्या हाती दिला. दुसऱ्या दिवशी ते भाचीच्या मागे उभे राहिले, आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत दोघं भाऊबहीण रडत होती.

राजांनी सगुणाला खिल्लारी बैलांची जोडी आणि चोळी-पातळ दिलं. “आणखी काही हवं?”

“न्हाई सरकार. फकस्त फुडल्या बारीला प्रस्थान म्हणून पंतांनाच ठिवा माझ्या घरी. गाडी आणखी हलकी हुईल!”

राजे पुन्हा हसत सुटले, आणि हुकूम तिथल्या तिथे झाला. पुढच्या प्रवासाला मी सगुणाच्या ओसरीवर अठरा दिवस होतो; ठेवलेलं प्रस्थान मागे कसं न्यायचं? राजे म्हणे वेळेवर पोचले. सगुणाच्या घरची भाकरी खरंच चांगली असते.