तळवाट्याचा अर्ज

विषय : तळाशी राहणाऱ्या पट्टेदार मंडळींना अन्नाचा मंजूर वाटा मिळण्याबाबत.
संदर्भ : फुटक्या मडक्यातील रहिवासी काजळी हिचा अर्ज.

अर्जदाराचे राज्य चारी बाजूंनी काचेचे होते. त्यामुळे इथला कारभार पारदर्शक आहे, असे वरच्या पाण्यातले मासे नेहमी सांगत. दिवा लागला की आकाशातून एक हात येई आणि पाण्यावर अन्नाचे तुकडे पसरी. वरचे मासे ते खात, उरलेसुरले पाणी गाळणारी नळी ओढून घेई. वाळूपर्यंत येई तो फक्त मिटक्यांचा आवाज.

वाळूवरच्या फुटक्या मडक्यात मिशीवाले छोटे मासे राहत. अंगावर भुंग्यासारखे काळे-पिवळे पट्टे, म्हणून वरचे त्यांना भुंगे म्हणत. दिवा असेपर्यंत मडक्याबाहेर पडायचे नाही, ही त्यांची वाडवडिलांपासूनची रीत. अंधार झाला की ते बाहेर येत, मिशांनी वाळू चाचपत आणि उपाशी परत जात.

काजळीला स्वतःच्या भुकेचे फारसे काही वाटत नसे. तिला काळजी होती ती धाकट्या भावाची. हळद्याचे पोट पाठीला लागले होते. थट्टा मात्र तेवढी शाबूत होती.

"ताई, आता मी मडक्याच्या तड्यातूनसुद्धा ये-जा करीन," तो म्हणाला. "दार दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाक."

वरच्या आणि खालच्या पाण्यात ये-जा करणारे एकटे शंखवाले नाना. काचेवरून सरपटत ते कागद वर नेत. वर पोहोचेपर्यंत कागदातली निकड निघून जाई, आणि त्यामुळे वरच्यांना नाना फार आवडत. काजळीचा अर्ज ऐकून ते हसले.

"अगं, तळवाटा कधीचा मंजूर आहे!"

"मग पडत का नाही, नाना?"

"मंजूर होणं वेगळं, पडणं वेगळं. खाली भुंगे आहेत हे आधी दिसायला नको? उजेडात हजर व्हायचं, साहेबांनी पट्टे बघायचे, की वाटा सुरू."

"जाऊ नको गं," हळद्या म्हणाला. "डोळे दिपतील."

"तू पडून राहा," काजळी म्हणाली, आणि घराण्यात कुणी केले नव्हते ते तिने केले. भर उजेडात ती मडक्याबाहेर आली.

वरच्या पाण्याचे कारभारी, पंखवाले साहेब, खाली उतरले. बाजूने पाहिले तर भव्य, समोरून पाहिले तर नुसती रेघ, असे ते होते. त्यांनी काजळीकडे या अंगाने पाहिले, त्या अंगाने पाहिले.

"पट्टे कुठे आहेत?"

काजळीने स्वतःकडे पाहिले. डोक्यावर दिवा, खाली पांढरी वाळू, आणि आयुष्यात प्रथमच सगळ्यांच्या नजरा अंगावर. काळ्याची राख झाली होती आणि पिवळा रंग वाळूत मिसळून गेला होता.

"आहेत, साहेब. उजेडात धसका घेतला की फिके पडतात. आपण मडक्याशी चला, तिथं दाखवते."

"मडक्यात अंधार असतो ना?"

"हो."

"अंधारात आम्हांला दिसत नाही."

"भुंगा म्हणे!" लाल शेपटीचा एक मासा खिदळला. "ही तर वाळूचीच पोर दिसते!"

साहेब मात्र हसले नाहीत. ते सभ्य होते. "बाई, नियम काही मी केलेला नाही. पट्टे घेऊन या, मी स्वतः वाटा सोडतो."

काजळी पुन्हा गेली. आधी मडक्याच्या सावलीच्या कडेशी उभी राहून तिने उजेडाची सवय करून पाहिली. मन घट्ट केले. मन घट्ट झाले, पण कातडी ऐकेना. प्रत्येक खेपेला साहेब तेच सभ्यपणे सांगत आणि प्रत्येक खेपेला हळद्या तिला बघायला मडक्याच्या तोंडाजवळ थोडा उशिरा येई.

"आता मी जातो," शेवटी तो म्हणाला. "माझे पट्टे तुझ्यापेक्षा ठळक आहेत. लहानपणापासून जळतेस तू त्यांच्यावर."

"जळते तर जळते. उद्या जा. आज तुला शेपूट हलवता येत नाही."

दुसऱ्या दिवशी दिवा लागला तेव्हा हळद्या मडक्याच्या तोंडातून आपोआप बाहेर निघाला. शेपूट न हलवता, पोट वर करून, तो हळूहळू वर वर गेला. त्यांच्यातला कुणी कधी गेला नव्हता त्या पाण्यापर्यंत. काजळीने तोंडापाशी येऊन हाक मारली. त्याने वळून पाहिले नाही.

हात यायला अजून अवकाश होता आणि वरच्यांना भूक लागली होती. आधी साहेब पुढे झाले, मग बाकीचे मानाप्रमाणे. पाणी क्षणभर गढूळ झाले.

मग वरून बारीक तुकडे सुटले. या वेळी नळीने ते ओढले नाहीत. डुलत डुलत ते खाली आले आणि मडक्यासमोरच्या पांढऱ्या वाळूवर अलगद टेकले.

काचेवरून नानांनी ते पाहिले. "पोहोचला गं वाटा!" त्यांनी आनंदाने हाक दिली.

काजळी आत सरकली.

अर्ज प्रलंबित आहे. पट्ट्यांची पाहणी व्हायची आहे.