टिटवीचा दांडीवाला माईक

फार मागं जनावरं-पाखरं घरात कॉम्प्युटर ठेवून एकमेकांशी बोलायची, तेव्हाची ही गोष्ट.

एका टिटवीची लेक डोंगरापल्याड दिली होती. टिटवीला ऐकू कमी यायचं. लेकीशी बोलता यावं म्हणून साठवलेली बाजरी घेऊन ती मुंगसाच्या दुकानात गेली.

मुंगूस म्हणाला, "मावशी, एवढ्या बाजरीत साधा माईक आणि साधा हेडफोन, दोन्ही बसतंय. कानाचं आधी बघा."

"साधा? विहीणबाई पडद्यावर बघतात मला! तो चकचकीत, दांडीवाला माईक द्या. कानाचं पुढच्या सुगीला बघू."

सगळी बाजरी माईकातच गेली. मग टिटवी रोज त्याच्यापुढं ऐटीत बसायची. पडद्यावर लेकीची चोच हलताना दिसायची, पण आवाज खरखरीत विरून जायचा. टिटवी आपली म्हणायची, "सुखात आहेस ना? बरं झालं हो बाई!"

एकदा शेजारची खार मीठ मागायला आली नि पडद्यापाशी थबकली.

"अगं टिटवे, बरं काय म्हणतेस? ती म्हणतीय, इथं मला दाणा देत नाहीत, आई, घेऊन जा!"

टिटवी उडाली ती चौथ्या दिवशी थेट डोंगरापल्याड उतरली. घरट्यात विहीण एकटीच दाणे निवडत बसली होती.

"परवाच जीव सोडला तिनं," विहीण मान वर न करता म्हणाली. "तुमचा आवाज मात्र लख्ख यायचा हं."