‘शेजघर’चा जाहीर खुलासा

एका तालुक्याच्या गावात एक भोळा बातमीदार होता. बातमीदार भोळा कसा, असं तुम्ही विचाराल. आमच्या पेशात असतात. भोळे असल्याशिवाय कोणी आयुष्यभर बातमीदारी करत नाही. त्याचं नाव सदानंद कुरणे. गाव त्याला सदूभाऊ म्हणे.

सदूभाऊंच्या पेपरची गावातली आवृत्ती मालकाने बंद केली. म्हणाला, लोक बातम्या वाचत नाहीत. मालकानेही कधी वाचल्या नव्हत्या. वर म्हणाला, “लोकांना चावट वाचायला हवं असतं.”

सदूभाऊंनी ते शब्दशः घेतलं. घरी आले आणि बायकोला म्हणाले, “मी स्वतःची वेबसाइट काढतो. मोठ्या माणसांसाठी चावट गोष्टी. मालक नाही, संपादक नाही. नाव ‘शेजघर’.”

त्यांची बायको कुमुदताई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. त्या वर्षी ती मुख्याध्यापिका व्हायची होती. संस्थेचे अध्यक्ष म्हणजे भाऊसाहेब इनामके, फार कडक माणूस.

कुमुदताई म्हणाली, “काढा. घरात बसून माझ्याशी भांडण्यापेक्षा बरं. पण शाळेत कळलं तर माझी बढती गेली. एवढं सांभाळा.”

“सांभाळतो,” सदूभाऊ म्हणाले. आणि पहिली गोष्ट लिहायला बसले.

“येथील एका विवाहितेने काल सायंकाळी आपल्या पतीकडे सूचक नजरेने पाहिल्याचे समजते. पतीनेही त्यास प्रतिसाद दिल्याचे कळते. मात्र या वृत्तास अधिकृत दुजोरा मिळू शकला नाही. पुढील तपास चालू आहे.”

कुमुदताईने वाचलं. “हे चावट आहे?”

“सूचक नजर आहे की.”

“अहो, ही दोघं कोण, कुठली, काही कळत नाही. वाचताना माणसं ओळखीची वाटली पाहिजेत.”

“बरं,” सदूभाऊ म्हणाले.

दुसऱ्या गोष्टीत त्यांनी शेजारचे श्रीपतराव डफळे आणि त्यांची बायको घातली. नावानिशी. कोजागरीचं चांदणं, डफळ्यांची गच्ची, एकच सतरंजी. गोष्ट छान उतरली. डफळे वहाण हातात घेऊन आले.

“सदूभाऊ, हे काय लिहिलंय?”

“आवडलं नाही?”

“कोजागरीला मी नांदेडला होतो. मग गच्चीवर कोण होतं?”

सदूभाऊ विचारात पडले. माणूस खरा बातमीदार होता. “ते मला तपासावं लागेल,” ते म्हणाले.

प्रकरण वकीलबाईंकडे गेलं. नलिनी तांबट त्यांचं नाव. त्यांनी कपाळाला हात लावला. “भाऊ, आधी खुलासा टाका. डफळ्यांचा याच्याशी संबंध नाही म्हणून. आणि यापुढे एक लक्षात ठेवा. या धंद्यात खरं नाव कुणाचंच सांगायचं नाही.”

“बरं,” सदूभाऊ म्हणाले.

त्यांनी खुलासा टाकला. “श्रीपतराव डफळे किंवा त्यांची गच्ची यांचा सदर कथेशी काहीही संबंध नाही.” डफळे शांत झाले. ते गावात बोलणारही नव्हते. बोलले असते तर कुठे वाचलं हेही सांगावं लागलं असतं. सदूभाऊंना खुलासा ही चीज फार आवडली. एक चौकट टाकली की माणूस मोकळा.

मग धंद्यासाठी बँकेत खातं उघडायला गेले.

काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, “नाव?”

“ते उघड करता येणार नाही.”

“मग खातं कुणाच्या नावाने उघडू?”

“विश्वसनीय सूत्रांच्या.”

“काका, फोटो तरी आणलाय?”

सदूभाऊंनी फोटो दिला. डोळ्यांवर काळी पट्टी होती. शिपायाने त्यांना हाताला धरून पायरीपर्यंत पोचवलं.

वकीलबाई म्हणाल्या, “अहो भाऊ, तुम्ही कोण ते बँकेला सांगायचंच. लपवायचं नाही, उलट वाचक कोण ते बघायचं. दारातच वय विचारायचं. अठरा पूर्ण नसेल तर आत सोडायचं नाही. रडू दे, भांडू दे, ऐकायचं नाही.”

“बरं,” सदूभाऊ म्हणाले.

त्याच आठवड्यात शाळेचं स्नेहसंमेलन होतं. मुलं आधी आत बसायची, पालक नंतर, अध्यक्ष शेवटी. कुमुदताई म्हणाली, “अहो, जरा फाटकाशी उभे राहा. मला आत ढीगभर कामं आहेत.”

सदूभाऊ फाटकाशी उभे राहिले.

“तुझं वय काय?”

“आठ.”

“घरी जा. तुझं?”

“नऊ. मी शिवाजीमहाराज आहे.”

“असशील. अठरा पूर्ण कर, मग ये.”

शाळा चौथीपर्यंतची होती. मुलांमागून पालकही परत गेले. भाऊसाहेब आले तेव्हा मंडपात रिकाम्या सतरंज्या होत्या आणि एक माणूस होता. तो शाळेचा शिपाई होता.

कुमुदताईने घरी येऊन पर्स खुंटीला अडकवली. मग म्हणाली, “अध्यक्ष उद्या आपल्याकडे येणार आहेत. झालं ते समजून घ्यायला. बढतीचं तिथेच ठरेल. तुम्ही फक्त पोहे द्या.”

सदूभाऊंनी आधी वकीलबाईंना गाठलं. “मी सगळ्यांना परत पाठवलं ते चुकलं.”

वकीलबाईंना वाटलं, वेबसाइटचं चाललंय. “चुकलंच. आलेल्या मोठ्या माणसाला असं तोडायचं नाही भाऊ. आधी थोडीशी चव द्यायची, फुकट. पुढचं हवं असेल तर म्हणायचं, सभासद व्हा.”

“बरं,” सदूभाऊ म्हणाले.

भाऊसाहेब आले. कुमुदताईने खोबरं-कोथिंबीर घालून बशी भरून ठेवली होती. सदूभाऊंनी एक चमचा पोहे अध्यक्षांच्या हातावर ठेवले आणि बशी झाकून मागे घेतली.

“बाकीचे?” भाऊसाहेबांनी विचारलं.

“बाकीचे सभासदांना.”

कुमुदताईने डोळे मिटले. पण भाऊसाहेब हसले. “बरं केलंत. साखर वाढलीय माझी. डॉक्टर हेच सांगतो, बायको ऐकत नाही.” मग ते कुमुदताईकडे वळले. “बाई, फाटकाचं मी विसरतो. सोमवारी शाळेत पत्र देतो तुम्हाला. हल्ली माणसं पारखून घ्यावी लागतात. गावात कुणीतरी चावट वेबसाइट काढलीय म्हणे. ‘शेजघर’. कुणाची ते कळत नाही.”

“तुम्ही पाहिलीत?” सदूभाऊंनी विचारलं.

“छे. मी कशाला पाहू. फार लवकर संपतात गोष्टी, असं ऐकलं.”

अध्यक्ष गेले. कुमुदताई सोफ्यावर बसली. “अहो, सोमवारपर्यंत फक्त. माझं नाव त्या वेबसाइटशी कुठे जोडलं जाता कामा नये. तुम्हाला समजतंय ना?”

“बरं,” सदूभाऊ म्हणाले. या वेळी त्यांना कुणाला विचारायची गरज नव्हती. याचा उपाय त्यांना ठाऊक होता.

सोमवारी शाळेत सगळे शिक्षक जमले. शाल होती, नारळ होता. भाऊसाहेबांच्या एका हातात बढतीचं पत्र होतं, दुसऱ्यात जिल्ह्याचं त्या दिवशीचं वर्तमानपत्र.

“बाईंचं नाव आज पहिल्या पानावर आलंय,” ते कौतुकाने म्हणाले. “मी अजून वाचलं नाही. सगळ्यांसमोरच वाचतो.” आणि त्यांनी चष्मा लावला.

“जाहीर खुलासा. प्रौढांसाठीच्या ‘शेजघर’ या चावट वेबसाइटशी प्राथमिक शाळेच्या नियोजित मुख्याध्यापिका सौ. कुमुद सदानंद कुरणे यांचा काहीही संबंध नाही. ती वेबसाइट त्यांचे पती त्यांच्याच स्वयंपाकघरातून चालवतात. तसेच संस्थेचे अध्यक्ष श्री. भाऊसाहेब इनामके हे सदर वेबसाइट वाचतात, या वृत्तातही तथ्य नाही. असे वृत्त अद्याप कुठेही आलेले नाही.”

शेवटची दोन वाक्यं ते वेगात वाचून गेले आणि मग थांबले. सगळे शिक्षक अध्यक्षांकडे बघत होते. कुमुदताईकडे कोणीच बघत नव्हतं. चौथीच्या पाटील सरांनी हळूच विचारलं, “साहेब, परवा तुम्ही आम्हालाही म्हणालात, गोष्टी फार लवकर संपतात, ती वेबसाइट हीच का?”

भाऊसाहेबांनी पत्र खिशात घातलं. थोडा विचार केला. पत्र पुन्हा बाहेर काढलं आणि कुमुदताईच्या हातात कोंबलं.

“घ्या बाई. झालात तुम्ही मुख्याध्यापिका. माझी एकच अट आहे.” त्यांनी मागच्या बाकावर बसलेल्या सदूभाऊंकडे बोट दाखवलं. “यांनी यापुढे एकही खुलासा छापायचा नाही. छापला तर पत्र परत.”

कुमुदताईने वळून नवऱ्याकडे पाहिलं. सदूभाऊ उठून उभे राहिले. चेहरा प्रसन्न होता.

“बरं,” ते म्हणाले. “उद्याचा तेवढा येईल. तो मी येतानाच देऊन आलो. आजच्यात जागा पुरली नाही म्हणून बाकीच्या सगळ्या शिक्षकांची नावं उद्याच्यात आहेत. अध्यक्षांचा फोटोही आहे. काळजी करू नका साहेब, डोळ्यांवर पट्टी लावलीय.”