लुकलुकीचा उजेडाचा दाणा

मनवाच्या डोळ्यात, अगदी आत, आहे एक पडदा. पडद्यावर राहते इवलीशी लुकलुकी. ती उजेडाचे दाणे टिपते. टिप टिप टिप! लुकलुकीने दाणा टिपला, की मनवाला बाबा दिसतो.

एकदा काय झालं? डोळ्यात भोंगा वाजला. भों भों भों! "चोर आले! चोर आले!"

कुठले चोर? कोणीच नव्हतं! खुळा कुठला भोंगा!

पण रक्ताच्या नदीतून पांढरे शिपाई धावले. गडगड गडगड लोळले. नदीच्या भिंतीला चिकटले, चिप्प! फटीतून शिरले, सुर्रर्र! पडद्यावर नुसती धुडूम धुडूम. त्या गर्दीत लुकलुकीचा दाणा हरवला. डोळा लाल लाल झाला. मनवाला बाबा दिसेना.

लुकलुकी निघाली. लुक लुक लुक.

"शिपाईदादा, शिपाईदादा, जा ना! दाणा सापडेना, बाबा दिसेना!"

"मी नाही जायचा! आधी भोंगा थांबू दे."

लुक लुक लुक.

"भोंगेदादा, भोंगेदादा, थांब ना! शिपाई जाईना, दाणा सापडेना, बाबा दिसेना!"

"मी नाही थांबायचा! आधी औषधाचा थेंब पडू दे."

उजेड कमी झाला. लुक... लुक... लुक...

"थेंबदादा, थेंबदादा, पड ना! भोंगा थांबेना, शिपाई जाईना, दाणा सापडेना, बाबा दिसेना!"

"मी नाही पडायचा! आधी पापणी उघडू दे."

अंधार वाढला. लुक... लुक...

"पापणीताई, पापणीताई, उघड ना! थेंब पडेना, भोंगा थांबेना, शिपाई जाईना, दाणा सापडेना, बाबा दिसेना!"

"मी नाही उघडायची! मनवाला थेंबाची भीती वाटते."

आता काळोखच काळोख. लुकलुकीला रडूच आलं. तरी ती सगळा जोर लावून ओरडली,

"मनवा, मनवा, ऐक ना! पापणी उघडेना, थेंब पडेना, भोंगा थांबेना, शिपाई जाईना, दाणा सापडेना, बाबा दिसेना!"

"मलापण बाबा दिसेना!" मनवा म्हणाली. "बाबा, माझा हात धर. टाक थेंब!"

उघडली पापणी. पडला थेंब. आज टप्प, उद्या टप्प, परवा टप्प! भोंगा थांबला, भों... फुस्स! शिपाई निघाले, सुर्रर्र! फट मिटली, चिप्प! दाणा सापडला.

लुकलुकीने टिपला, टिप!

मनवाने पाहिलं. मग नीट पाहिलं.

"बाबा, तुझी मिशी ओली झालीय!"

"मीपण घाबरलो होतो गं," बाबा म्हणाला. "पूस बघू."

मनवाने पुसली.